खाटेखालचं बाळंतपण

बबनरावांनी खाटेखालची पेटी ओढायला हात घातला, पण तो पेटीवर पडलाच नाही. तो पडला कुठल्यातरी गरम, मऊ आणि ताणलेल्या गोष्टीवर, आणि झोपेत कोणी कूस बदलावी तसं तिच्या आतून काहीतरी त्यांच्या तळहाताखालून सरकत गेलं. हात मागे घ्यायला हवा होता. कोणीही घेतला असता. त्यांनी घेतला नाही, कारण हा हात आपला आहे हे ध्यानात यायलाच त्यांना थोडा वेळ लागला. मग ते वाकले. पेटी आणि भिंत यांच्या मधल्या वीतभर जागेत एक करडी मांजर आडवी पडली होती. अंग हाडकुळं आणि पोट एवढं की ते तिचं वाटत नव्हतं, कोणीतरी तिच्या गळ्यात बांधून दिल्यासारखं वाटत होतं. तिने डोळे किलकिले करून पाहिलं. गुरगुरली नाही, पळाली नाही. त्यांनी पेटी हळूच ओढली, धुतलेला सदरा काढला, पेटी तिच्या पाठीला लागणार नाही इतपत परत सारली आणि मोरीवर जाऊन साबणाने हात धुतला. तरी ते सरकणं हातात राहिलं. दुसऱ्या दिवशी मिलमध्ये साच्यावर उभं राहून तुटलेलं सूत सांधताना, तिकडच्या त्या आवाजात जिथे माणसाला स्वतःचं खोकणंही ऐकू येत नाही, तिथेसुद्धा ते राहिलं. बबनरावांना त्याचा आनंद झाला नाही की किळस आली नाही. हातात काहीतरी आहे एवढंच त्यांना कळत होतं, आणि गेल्या अकरा महिन्यांत एवढंही कळलेलं नव्हतं.

अकरा महिन्यांपूर्वी, फागुनात, नलू गेली. नलू त्यांची एकुलती लेक. ती गेली तेव्हा ते रडले नाहीत. लोकांनी त्यांना रडवायचा प्रयत्न केला, शेजारच्या रुखमाने तर पाठीवर धपाधप मारलं, ‘रडा जी भाऊ, रडा, नाई तं छातीत बसते.’ बबनराव तिच्याकडे पाहत राहिले होते. ती का मारते आहे ते कळत होतं, मार लागत नव्हता. तेराव्यानंतर मिलचा भोंगा झाला तसे ते उठून पहिल्या पाळीला गेले. हिंगणघाटात मिलच्या मागे कामगारांच्या खोल्यांची ओळ आहे, तिच्यातल्या शेवटून दुसऱ्या खोलीत ते एकटे राहत होते; झोपत होते, भाकरी थापत होते, भाकरी जळली तर जळकी खात होते.

रुखमाची खोली शेवटची. ती जिनिंगमध्ये रेच्यावर, सरकी काढायच्या यंत्रावर, कापूस टाकायची, त्यामुळे हंगामभर तिच्या केसांत आणि भुवयांत रुई. दोन खोल्यांमधली भिंत छपराच्या कवेलूंपर्यंत पोचलेली नव्हती, म्हणून ती दारात यायची तसदी न घेता भिंतीवरूनच बोलायची.

“भाऊ, कोणाशी बोलून राह्यले?”

“कोणाशी नाई.”

“मंग बशी कायले वाजली? दूध घातलं नं तिले?”

“थोडंसं.”

“झालं! दूध घातलं म्हंजे घर धरलं तिनं. आता तुमी निंगाल घरातून, पण ते नाई निंगत.”

मांजर बशी चाटून, पोट सांभाळत, पुन्हा खाटेखाली गेली. त्यांनी तिला नाव दिलं नाही. हाक मारायची गरजच पडत नव्हती. ते मिलमधून आले की ती असायची, आणि आधी ते खाली वाकून ती आहे ना पाहत, मग सदरा काढत. हे पाहणं कधी सुरू झालं ते त्यांना सांगता आलं नसतं. एका संध्याकाळी भाकरी भाजता भाजता त्यांनी भिंतीकडे तोंड करून विचारलं, “रुखमाबाई, मांजरीले किती दिवस लागते?”

“दोन महिने. लई झालं तं चार दिवस वरते.” भिंतीपलीकडून हसल्याचा आवाज आला. “तिले कोठचा सातवा न कोठचा आठवा!”

हसणं मधेच तुटलं. मग रुखमा म्हणाली, “भाऊ, मी तसं नाई म्हटलं जी.”

“काई नाई,” बबनराव म्हणाले, आणि तव्यावरची भाकरी उलटली.

खरोखरच काही झालं नव्हतं. ‘आठवा’ हा शब्द कानात आला आणि आत कुठेतरी जाऊन पडला. विहिरीत दगड टाकावा आणि पाण्याचा आवाजच येऊ नये तसा. पण नलूच्या त्या दिवसांचा सगळा तपशील मात्र त्यांच्यापुढे भाकरीसारखा सपाट पसरला. नलूचं पत्र आलं होतं सासरहून, वडनेरहून. ‘बाबा, सातवा सरून राह्यला, न्यायले लवकर येजा.’ ते पत्र त्यांनी स्वतः वाचलं होतं, बोट अक्षराखाली सरकवत. हे वाचणंही नलूनेच शिकवलेलं. बायको, लीलाबाई, वारली तेव्हा नलू तिसरीत होती, आणि मिलच्या फळ्यावर काय लिहिलंय ते बापाला दुसऱ्याला विचारावं लागतं याची तिला लाज वाटायची. तिने पाटीवर ‘ब’ काढून दिला होता आणि म्हणाली होती, याचं पोट आतून बांधा बाबा, नाही तर ‘व’ होतो. वाचता आलं, पत्र कळलं, चूक वाचण्यात नव्हती. चूक अशी की बबनरावांना वाटलं, आई नसलेल्या घरात लेक पहिल्या बाळंतपणाला येणार, तर कोणी नाव ठेवायला जागा राहू नये. त्यांनी भिंतींना चुना लावला. खाट नव्या सुतळीने विणून घेतली. चूल पाडून पुन्हा बांधली, ती ओली म्हणून चार दिवस वाळू दिली. सुईणीला सांगून ठेवलं. डिंक, खारका, शेपा, सगळं डब्यात भरलं. मिलच्या कॅलेंडरवर तारखांचा हिशेब केला तर अजून आठ दिवस हातात होते. ते वडनेरला पोचले तेव्हा नलू दारातच उभी होती, पिशवी भरलेली. तिची सासू आनंदाबाई म्हणाली, “परवा अमावास्या झाली जी बबनराव. आठवा लागला. आठव्यात पोटुशीले हालवत नाई.” बायकांचा महिना अमावास्येला बदलतो, मिलचा एक तारखेला. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगणारी घरात कोणी नव्हती.

नलू म्हणाली होती, “बाबा, यष्टीत बसूनच तं यायचं हाये. तासाभराचा रस्ता.”

आणि बबनराव, ज्यांना नेता आलं असतं, जे बाप होते, ते बशीत चहा ओतत म्हणाले होते, “ऐक वं माय. मोठे म्हणतात तं ऐकावं. नववा लागला का येतो मी.” चहा गोड होता. तो त्यांनी पूर्ण प्यायला.

सतराव्या दिवशी नलू हिंगणघाटला आलीच. जिनिंगकडे निघालेल्या कापसाच्या ट्रकमध्ये, कापसावर गोधडी टाकून, अवेळी सुरू झालेल्या कळा सोसत. ट्रक दवाखान्याशी थांबला तेव्हा दवाखान्याच्या हातात करण्यासारखं काही उरलं नव्हतं, ना तिचं, ना मुलाचं. बबनराव तेव्हा साच्यावर सूत सांधत होते.

मांजरीला येऊन तीन आठवडे झाले असतील तेव्हा एका रविवारी जावई आला. रूपराव तसा माणूस वाईट नव्हता. नलू गेल्यावर तिसऱ्या महिन्यात आईने त्याचं दुसरं लग्न लावून दिलं, तेव्हा तो सांगायला स्वतः आला होता आणि दारातच बसून परत गेला होता. आजही तो खाटेच्या काठावर, उठायच्या तयारीत असल्यासारखा बसला. पाणी प्याला. हवापाणी, कापसाचं पीक, सगळं बोलून झालं. मग जमिनीकडे पाहत म्हणाला, “मामाजी, भागीरथेले सातवा लागला.”

“बरं.”

“तिले मायबाप नाई. समुद्रपूरले काकाच्या घरी वाढली, काका म्हणते आमचं काम झालं. आई म्हणते, नलूच्या जागेवर आलेली पोरगी, म्हंजे बबनरावचीच लेक. पहिलं बाळंतपण तं माहेरीच होते.”

हा रिवाज बबनरावांना ठाऊक होता. दुसरी बायको ही पहिलीच्या आईबापांची लेक. सणाला तिला लुगडं-चोळी करायची, आणि तिने गळ्यात मेलेल्या सवतीच्या नावाचा चांदीचा टाक घालायचा. ठाऊक असून त्यांनी दिवाळीला काही पाठवलं नव्हतं. रागाने नाही. दिवाळी आली आणि गेली, त्यांना ती दिसलीच नाही. रूपरावचा चेहरा ते पाहत राहिले. तो घाबरलेला होता. हे लगेच ओळखता आलं याचंच त्यांना नवल वाटलं. एक बायको अशी गेलेल्या माणसाची दुसरी सातव्यात आहे, घाबरणारच.

“पाहू,” ते म्हणाले.

त्याच वेळी मांजर खाटेखालून निघाली आणि जावयाच्या पायावरून पोट घासत दाराकडे गेली. रूपरावने पाय वर घेतले. “मांजर पाळली का मामाजी?”

“पाळली नाई. आली.”

त्यानंतर चार-पाच दिवसांनी रूपरावचं कार्ड आलं. बबनरावांनी ते उंबऱ्यात बसून वाचलं, बोट अक्षराखाली धरून. ‘भागीरथेचा सातवा माघ अमावास्येला सरते. त्याच दिवशी सूर्यग्रहण हाये. त्याच्या आत नेजा. पण आईनं सांगितलं का मांजर हाकलल्याबिगर पाठवत नाई. एका घरात दोन बाळंतिणी चालत नाई, मांजर असली तरी बाळंतीण ते बाळंतीणच.’ त्यांनी ते दोनदा वाचलं. भिंतीवरून रुखमाने विचारलं तसं तिलाही वाचून दाखवलं.

“मंग हाकला जी,” रुखमा म्हणाली. “जनावर हाये, कोठीबी जनंल. पोत्यात टाका अन् वणेच्या पलीकडं सोडा. नदी ओलांडली का मांजरीले घर नाई सापडत.”

दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर बबनरावांनी दुकानातून रिकामं पोतं मागून आणलं. दार उघडलं, पोतं झटकलं, आणि खाटेखाली वाकले. मांजर धापा टाकत होती. तोंड उघडं, जीभ बाहेर, मागचे पाय ताठ भिंतीला लावलेले. तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि त्या पाहण्यात त्यांच्यासाठी काहीही नव्हतं, विनवणी नाही की भीती नाही. भिंतीकडे पाहावं तसं पाहिलं आणि पुन्हा आपल्या कामाला लागली. बबनराव पोतं हातात घेऊन तिथेच उकिडवे बसले. कितीतरी वेळ काही झालं नाही. तिचं पोट आक्रसायचं, सैल पडायचं. नलूचं असंच झालं असेल का, हा प्रश्न मनात आला, आणि तो प्रश्न आहे एवढंच कळलं. ट्रक हलत असेल. कापूस मऊ असतो, त्यात माणूस रुततो, टेकायला घट्ट असं काही मिळत नाही. हिला निदान भिंत आहे. मग एका वेळी मांजर अर्धी उठली, एक बारीक, चिरका आवाज काढला, आणि एका ओल्या पिशवीत गुंडाळलेलं काहीतरी जमिनीवर आलं. तिने ती पिशवी दातांनी फाडली, नाळ चावली, चाटू लागली, आणि त्या ओल्या गोळ्यातून तोंड फुटलं. दुसरं त्याच्या मागोमाग. तिसरं आलं ते हललं नाही. तिने ते चाटलं, उलटं केलं, पुन्हा चाटलं, पहिल्या दोघांपेक्षा जास्त वेळ चाटलं, आणि मग नाकाने बाजूला सारून चौथ्याकडे वळली. बबनरावांनी हात घातला, ते तिसरं उचललं आणि धोतराच्या सोग्याने चोळत राहिले. का चोळत होते? एकदा सुईण म्हणाली होती, मूल रडलं नाही तर चोळायचं. ते थंडच होत गेलं. त्यांनी ते खाली ठेवलं आणि उठायला गेले तर उठता येईना. दोन्ही पाय बधिर झाले होते. भिंत धरून उभे राहिल्यावर मुंग्या सुटल्या, मांड्यांतून असह्य चमका निघाल्या, आणि बबनराव मोठ्याने “आई गं” म्हणाले.

“काय झालं जी भाऊ?” भिंतीवरून.

“तीन हायेत. एक मेलं.”

रुखमा आली, वाकून पाहिलं, परत गेली, आणि वाटीत कुस्करलेली भाकरी घेऊन आली. तिच्यावर तूप चमकत होतं. “बाळंतीण हाये,” ती म्हणाली. मग कोपऱ्यातलं पोतं तिला दिसलं. “आता काय करता?”

अमावास्येला आठ दिवस होते. पिल्लांचे डोळे उघडायला नऊ-दहा लागतात. रुखमाने दुसऱ्याच दिवशी तोड काढली. पाटीत चिंध्या घालून पिल्लं आपल्या खोलीत नेली; आई मागोमाग गेली. “आमच्याकडं राहू द्या, म्हंजे तुमचं घर मोकळं.” तासाभराने मांजर एक पिल्लू मानगुटीला धरून उंबरा ओलांडून आली, खाटेखाली ठेवलं, दुसरं आणायला गेली. तीन फेऱ्या. रुखमाने पुन्हा नेली, पुन्हा तीन फेऱ्या. तिसऱ्यांदा रुखमा पाटी आपटून म्हणाली, “सात घरं फिरवते म्हंतात पिल्लायले! हे एकच घर सात डाव फिरून राह्यली!” आणि स्वतःच हसत सुटली. बबनराव हसले नाहीत, पण हसण्याच्या आधी तोंडाची जी हालचाल होते ती त्यांच्या गालात झाली. ती त्यांना जाणवली, दाढेत काही अडकावं तशी.

शुक्रवारी त्यांनी रजा टाकली आणि वडनेरला गेले. ओसरीवर आनंदाबाई बसली होती. चहा आला. त्यांनी तो तसाच ठेवला.

“मांजर हाकललं नं जी?” आनंदाबाईने विचारलं.

“हाकललं.”

“अन् पिल्लं?”

“ते बी.”

एवढ्या वयात ते असं धडधडीत खोटं कधी बोलले नव्हते. त्यांना वाटलं होतं जीभ अडखळेल. ती अडखळली नाही. आनंदाबाईने त्यांच्या न शिवलेल्या चहाकडे पाहिलं. गेल्या वर्षभरात तीही म्हातारी झाली होती. “माह्या हातानं तवा चूक झाली असंन,” ती एकदम म्हणाली, “पण मी रीतीनं वागली.” तिला हवं असलेलं बबनरावांजवळ नव्हतं. भागीरथा आतून आली. एकोणीस-वीसची, सावळी, नलूपेक्षा बुटकी. गळ्यात काळ्या दोऱ्यात टाक. तिने पाय शिवले तेव्हा तो टाक पुढे लोंबला. त्यावर चेहरा वगैरे काही नव्हता, सोनाराने ठोकलेलं एक बाईचं ठोकळ चिन्ह. त्यांनी ते पाहिलं आणि नजर काढली नाही.

एसटीत ती खिडकीशी बसली. अर्धा रस्ता सरला. मग तीच म्हणाली, “बाबाजी, मांजर खरंच हाकललं का?”

“काऊन?”

“हे सांगत होते, पोटानं लई भारी होती म्हणून. मंग कोठी गेली असंन, असं मनात येऊन राह्यलं.”

बबनरावांनी समोरच्या बाकाच्या दांडीला धरलं होतं. “घरीच हाये,” ते म्हणाले. “तीन पिल्लं हायेत. तुले भेव वाटत असंन तं इथून परत सोडून देतो.”

ती खिडकीबाहेर पाहत राहिली. बाहेर कापूस वेचून झालेल्या पराट्या, काळ्या, उभ्या. “सासूबाईले काय सांगाल?”

“काई नाई सांगत.”

“मंग मी बी नाई सांगत,” भागीरथा म्हणाली, आणि पदराखालून चणे काढून त्यांच्यापुढे धरले.

शनिवारी दुपारी ग्रहण लागलं. सकाळपासूनच ओळीत माणूस दिसत नव्हतं. दारं लावलेली, पाण्याच्या गुंड-कळशांवर तुळशीची पानं. भागीरथेला खाटेवर सरळ झोपवलं होतं. हात वाकवायचा नाही, काही कापायचं नाही, कुशीवर वळायचं नाही. ती आढ्याकडे पाहत पडली होती. खाली मांजर आपली पाय पसरून, वाटेल तशी वळून, पिल्लांना पाजत होती, आणि तो बारीक चुटचुट आवाज खोलीभर होता.

“बाबाजी, तिले बी सांगा नं सरळ झोप म्हणून,” भागीरथा हलक्या आवाजात म्हणाली.

“ते नाई ऐकत कोणाचं.”

उजेड कमी होऊ लागला. संध्याकाळ झाल्यासारखा नाही, राखेसारखा. कवेलूंच्या फटींतून जमिनीवर रोज गोल कवडसे पडत, ते एका बाजूने कुरतडले गेले आणि बारीक होत होत विळ्यांसारखे झाले. चुलीजवळ, मोरीजवळ, बबनरावांच्या पायांवर, सगळीकडे छोटे छोटे विळे. कावळे अवेळी ओरडून गप्प झाले. भागीरथेचा श्वास जोरात चालू लागला. तिची बोटं खाटेची सुतळी घट्ट धरून होती. तिला भीती वाटत होती, आणि हलायची मनाई होती. बबनराव उठले, खाटेच्या उशाशी जमिनीवर बसले. कपाळावर हात ठेवावा असं वाटलं नाही, आणि वाटलं नसतानाही त्यांनी तो ठेवला. कपाळ घामाने ओलं होतं. हळूहळू तिचा श्वास लांब होत गेला, बोटं सैल पडली. ग्रहणात झोपू नये म्हणतात. त्यांनी तिला उठवलं नाही.

भिंतीपलीकडे रुखमा काल उशिरा जिनिंगमधून आलेली. तिला काही माहीत नव्हतं. दार उघडायची सोय नव्हती म्हणून तिने भिंतीवरूनच आवाज दिला, नेहमीपेक्षा दबकून.

“भाऊ, आणली का जी लेक?”

त्या शब्दाने आत काही हलतं का, म्हणून बबनराव थांबले. काही हललं नाही. हात मात्र अवघडून आला होता, आणि तो काढला तर ती जागी होईल म्हणून त्यांनी तो तसाच ठेवला.

“आणली,” ते म्हणाले. “हळू बोल वं. झोपली हाये.”